पूर्वज्ञानाचा रकाना

बी.एड.च्या नव्या तुकडीला मी पहिल्याच तासाला विचारतो, पाठ टाचणातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना कोणता? कुणी उद्दिष्टं म्हणतं, कुणी मूल्यमापन. एखादा चलाख 'सरांचा शेरा' म्हणतो आणि वर्ग हसतो. हसून झालं की मी सांगतो, पूर्वज्ञान. समोरच्या पोराला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि नवी गोष्ट त्याला बांधा. बाष्पीभवन शिकवायचं तर ओल्या केसांपासून सुरुवात करा. 'विद्यार्थ्यांना सामान्य माहिती आहे' असं लिहून ज्याने हा रकाना उरकला, त्याचं टाचण मी एकतीस वर्षं परत पाठवत आलो आहे. अकोल्यातले निम्मे मास्तर त्यापायी मला शिव्या देतात. उरलेले दुवा देत असावेत, असं मी आपलं समजतो.

हा रकाना मी स्वतः जीव ओतून एकदाच भरला. माझ्या मुलीसाठी, रेवासाठी. त्यातून जे झालं ते सांगतो.

रेवा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिला समुद्राचं शास्त्र शिकायचं होतं. अकोल्यात मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर जातो आणि मोर्णा नदीत पाणी शोधावं लागतं. अशा गावात हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, देव जाणे. पण खूळ पक्कं होतं. गोव्याच्या संस्थेत प्रवेश हवा होता, आणि कुठल्याही प्रवेशाच्या दारात तोवर 'बारा परिचय' येऊन बसले होते. कुणी काहीही शिको, त्याला बारा विषयांची तोंडओळख हवीच, असं वरच्यांनी ठरवलं होतं. भौतिक, रसायन, जीव ही शास्त्रं, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तर्कशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, सांख्यिकी आणि संगणन. कल्पना वाईट नव्हती. मीच तिच्या बाजूने दोन लेख लिहिले होते. फक्त हे सगळं दोन वर्षांत शिकवणार कोण, ते कुणी सांगितलं नव्हतं. सराव परीक्षेत रेवा बारापैकी सात विषयांत आपटली.

मग आमच्याकडे स्मृतिबंध केंद्र आलं.

यातलं शास्त्र अवघड नाही. आठवण म्हणजे पेटीतली साडी नव्हे, की काढली, पाहिली, तशीच घडी घालून ठेवली. आठवण मेंदूतल्या पेशींच्या एका जुळणीत असते. आपण ती काढतो तेव्हा जुळणी चार-पाच तास सैल पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. घट्ट होताना त्या वेळचं आसपासचं काहीबाही तिच्यात गुंतून जातं. म्हणून तर एकच लग्न दोन जावा दोन तऱ्हांनी सांगतात. केंद्रात एक गोळी देत, तिच्यामुळे जुळणी जास्त वेळ सैल राही. डोक्यावर टोप चढवत. मुलाने आठवण काढली की कुठल्या पेशी जाग्या झाल्या ते टोप टिपून घेई. मग धडा सुरू होई, आणि एकेक कल्पना पुढे येई तसा टोप चुंबकाच्या बारीक धक्क्यांनी त्याच पेशी पुन्हा पुन्हा जाग्या करी. नवा धडा जुन्या आठवणीत विणला जाई. तीन तासांत एक विषय. फक्त परिचय हं. पुढचं ज्याचं त्याने घाम गाळून शिकायचं, कारण खोल ज्ञानाला पुरेल एवढी मोठी आठवण कुणाकडेच नसते.

धडा किती टिकेल, ते मात्र आठवणीवर अवलंबून. तिला ते लोक 'खुंटी' म्हणत. खुंटी जितकी पक्की, म्हणजे आठवणीत जितकी माया किंवा भीती किंवा आनंद, तितका धडा पक्का. कुठल्या विषयाला कुठली खुंटी, ते पालकांनी एका छापील कागदावर लिहून द्यायचं होतं. कागदाचं नाव होतं 'पूर्वज्ञान पत्रक'. ते वाचून मला खरोखर गहिवरून आलं. आयुष्यभर ज्या रकान्यासाठी भांडलो, तो कुणीतरी यंत्राच्या तोंडाशी आणून ठेवला होता.

बाकीचे पालक तिथेच बाकावर बसून तो कागद भरत. वाढदिवसाचा केक, मामाच्या गावचे आंबे, मॅचमधला षटकार. त्यांच्या मुलांचा धडा सहा महिन्यांत गळून पडे आणि मग ते केंद्राला दोष देत. मी मनातल्या मनात त्यांची टाचणं परत पाठवली. मी कागद घरी आणला आणि चार दिवस घेतले. रोज संध्याकाळी रेवाला समोर बसवून विचारलं, कुठली गोष्ट आठवली की छातीत काहीतरी होतं? ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

सगळ्या आठवणी तिच्या आईच्या निघाल्या.

रजनी, माझी बायको, जठारपेठेत आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. आठवी शिकलेली. रेवाचं लहानपण तिच्या शिलाई मशीनच्या पायाशी गेलं. रेवा सहा वर्षांची असताना तिला टायफॉइड झाला, भर उन्हाळ्यात वीज गेली, तर रजनीने ओल्या ओढणीत गुंडाळून दुपारभर तिला वारा घातला. ही मी भौतिकशास्त्राला दिली, उष्णता आणि बाष्पीभवनाला. एका दिवाळीत गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवण्यात रेवाचा फ्रॉक राहून गेला. पहाटे उठून रजनीने स्वतःची लग्नातली साडी कापली आणि अभ्यंगस्नान होईस्तोवर फ्रॉक हातात दिला. ही अर्थशास्त्राला, कारण एक गोष्ट निवडताना दुसरी सोडावी लागते. पहिला ब्लाउज कापायला शिकवला तो दिवस संगणनाला दिला. आधी छाती, मग खांदा, बाही हवी असेल तर हे, नसेल तर ते, चुकलं की मागच्या पायरीवर. अल्गोरिदम याहून सोपा कुठे मिळणार? शाळा बुडवून रेवा तलावावर गेली होती, ते रजनीने तिच्या चपलेवरून ओळखलं आणि मला सांगितलं नाही. मला ते पत्रक भरताना कळलं. ही तर्कशास्त्राला.

मी या आठवणींत कुठेच नव्हतो. एका आठवणीत होतो, पण झोपलेला.

केंद्रातल्या डॉ. साबळे मॅडमनी पत्रक दोनदा वाचलं. "सर, पत्रक फार छान भरलंय. पण बाराही खुंट्या आईच्याच? थोड्या विखरून घेतल्या तर? एकाच भिंतीत इतके खिळे ठोकले की भिंत भिंत राहत नाही."

मी त्यांना पाठातल्या एकसूत्रतेवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. शिवाय म्हणालो, "मॅडम, भिंत मजबूत आहे." समोरच्या संमतिपत्रात लिहिलं होतं, 'खुंटीच्या आठवणीतील भावनेची तीव्रता कमी होऊ शकते.' मी ते वाचलं, समजून घेतलं आणि सही केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना अर्थासकट शिकवलेली आहे.

रेवा जिल्ह्यात तिसरी आली. माझं पत्रक केंद्राने नमुना म्हणून दर्शनी भिंतीवर लावलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. मी महिनाभर हवेत होतो.

पहिल्यांदा रजनीच्या लक्षात आलं. मी ताट वाढून घेत होतो तर ती म्हणाली, "पोट्टी माह्यासंग भांडत नाही."

"चांगलंच आहे की."

"काय चांगलं? केस बांध म्हणलं, बांधले. वरण फिक्कं झालं होतं, मुकाट्यानं जेवली. काल तिच्या ड्रेसची शिलाई उसवली होती, थे मी घालून देली. तर मले थँक्यू म्हणाली. आईले कोणी थँक्यू म्हणते का हो?"

मी हसण्यावारी नेलं. पण मास्तर असल्यामुळे परीक्षा घेतल्याशिवाय मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी रेवाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवाळीच्या फ्रॉकची गोष्ट सांग बरं."

"आईजवळ वेळ आणि कापड दोन्ही मर्यादित होतं," रेवा म्हणाली. चेहरा प्रसन्न, उत्तर तोंडावर. "तिने साडी कापली, म्हणजे साडीचे पुढचे सगळे उपयोग सोडून दिले. जे सोडलं ती त्या फ्रॉकची खरी किंमत."

"आणि फ्रॉक हातात आला तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

ती विचारात पडली. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, बिचारी. "मी रडले होते ना? तुम्ही पत्रकात तसं लिहिलंय." मग म्हणाली, "पण उदाहरण फार नेमकं निवडलंत, बाबा."

मागे वळलो तर दारात रजनी. हातात मापाची टेप होती. ती पुढच्या खोलीत गेली आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. त्या क्षणी मला कळलं, मी काय केलं ते.

आम्ही दोघं केंद्रात गेलो. डॉ. साबळेंनी आरडाओरडा करू दिला, पाणी दिलं, आणि मग सही केलेला कागद न दाखवताच सगळं समजावलं. आठवण पुसली गेलेली नव्हती. प्रसंग सगळे जागेवर होते. पण त्या पेशी जाग्या झाल्या की आता आधी धडा येई, आणि धडा इतका पक्का की मायेपर्यंत पोचायला वाटच उरत नसे. एक-दोन खुंट्या असत्या तर बाकीच्या आठवणींनी तोल सांभाळला असता. बाराच्या बारा गेल्यावर आईचा आवाज, आईचा वास, मशीनची घरघर, सगळ्यांतून एकच रस्ता निघत होता, धड्याकडे.

"धडे काढून टाका मग," मी म्हणालो. "नापास होऊ दे तिला."

"विणलेलं उसवता येत नाही सर. उसवायला गेलो तर दोन्ही जाईल."

"मग काय करायचं?" रजनीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नव्या आठवणी होतील, ताई. होतातच. वेळ लागतो."

"किती?"

आधीच्या व्हायला सतरा वर्षं लागली होती, आणि रेवाला गोव्याला जायला सहा आठवडे होते.

त्या सहा आठवड्यांत रजनीने दुकान अर्धवेळ बंद ठेवलं. रेवाला घेऊन नरनाळ्याचा किल्ला चढली. गुडघे दुखत असताना चढली. तिच्या आवडीचं भरीत केलं, तिला नवे चार ड्रेस शिवले, एक दिवस तर मुद्दाम भांडण काढून पाहिलं. रेवाने शांतपणे ऐकून घेतलं आणि "तुझं बरोबर आहे" म्हणाली. ती वाईट वागत नव्हती. कुणाच्याही आईशी एखादी चांगली मुलगी जशी वागेल, तशी ती वागत होती.

आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या वाट्याला ती त्या दिवसांत जास्त आली. माझी एकही आठवण खुंटीला लागली नव्हती, त्यामुळे माझ्यावरची तिची माया जशीच्या तशी होती, आणि आता दुसरीकडे जायला तिला जागा नव्हती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून वाचत बसे. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. मला लाज वाटत होती आणि मी उठत नव्हतो.

स्टेशनवर ती माझ्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसले आणि आईला वाकून नमस्कार केला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना करते तसा. रजनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी सुटल्यावर तो हात तिला बराच वेळ कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी तिने माझ्यासमोर कोरं पूर्वज्ञान पत्रक ठेवलं. केंद्रातून ती एकटीच जाऊन घेऊन आली होती.

"भरा."

"कुणासाठी?"

"माह्यासाठी. बारा विषय मले बी येऊ द्या."

मी पत्रक बाजूला सारलं. "रजनी, वेड लागलंय का? तुला माहितीये यात काय होतं ते."

"म्हणूनच तं."

"मी भरणार नाही."

"काहून? तिचं भरलं तव्हा मले इचारलं होतं का तुमी?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. "मी दिसभर या खोलीत बसते. तिथं ती रांगली, तिथं ती पडली, मशीनच्या या पायपट्टीवर तिची जावळं काढल्यावर ती झोपली होती. मले सारं दिसते अन् सारं दुखते. अन् फोन केला तं ती इचारते, तब्येत कशी आहे? एकटीनं आठवून काय करू मी, सांगा ना. दोघींची आठवण होती थे. एकीच्यानं नाही पेलत."

मी पुष्कळ बोललो. थांब म्हणालो, वर्षभर वाट पाहू म्हणालो, डॉक्टर बदलू म्हणालो. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नाही, हे बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी पेन उघडलं.

दोन दुपारी ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. सांगताना ती हसली, रडली, मधेच उठून रेवाच्या चालीची नक्कल करून दाखवली. रेवाचं पहिलं दूध ओढणं. बाळंतपणात डॉक्टर मुलगी वाचणार नाही म्हणाला होता, ते तिने मला कधी सांगितलंच नव्हतं. रेवा चार वर्षांची असताना रजनीच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली, तेव्हा पोर स्वतः न रडता त्या बोटावर फुंकर मारत बसली होती. माझ्या घरात, भिंतीपलीकडे, हे सगळं घडलं होतं आणि मी टाचणं तपासत होतो. मी हळूच हलक्या हलक्या आठवणी रकान्यात लिहायला लागलो. तिने कागद वाचला आणि खोडायला लावलं.

"घट्ट असंन थेच लिहा. मास्तर आहात ना?"

आठवणी सतरा झाल्या. रकाने बारा. उरलेल्या पाच तरी तिच्यात राहतील अशी मला आशा होती. राहिल्या नाहीत. शेजारच्या धाग्यांबरोबर त्याही ओढल्या गेल्या, असं डॉ. साबळे म्हणाल्या.

आता रजनी बरी आहे. हे मी टोमण्याने म्हणत नाही. ती जेवते, झोपते, दुकान जोरात चालतं, गिऱ्हाइकाशी कापडाच्या रंगावर बोलताना तिला रसायनशास्त्र येतं आणि ते ऐकायला बायका थांबतात. रेवाचा रोज फोन येतो. पहिल्या वर्षी ती 'बाबा आहेत का' म्हणायची, आता 'आईला द्या' म्हणते. दोघी तासभर बोलतात. परवा लाटांवरून सांख्यिकीवर गेल्या, तिथून निवडणुकांवर. खळखळून हसतात. दोघींत प्रेम नाही असंही म्हणवत नाही. दोन हुशार मैत्रिणींमध्ये असतं तसं आहे काहीतरी. मी पलीकडच्या खोलीत ऐकत बसतो. त्यांच्या त्या सतरा आणि बारा गोष्टी आता मायेसकट एकट्या मला ठाऊक आहेत, आणि मलाही त्या ऐकूनच ठाऊक आहेत.

गेल्या रविवारी सकाळी रजनीने मला पुढच्या खोलीत बोलावलं. फोन मशीनच्या पाटावर उभा होता, त्यात रेवा.

"बाबा, घरात तुम्हीच राहिलात," रेवा म्हणाली. "आमचं बोलणं सुरू झालं की तुम्ही उठून जाता. आईला आणि मला वाईट वाटतं. तुम्हीही करून घ्या ना. तुमचा एकच विषय, बाकी अकरा कच्चे!"

"पत्रक मी भरते," रजनी म्हणाली. तिने कागद पाटावर सरळ केला, पेन उघडलं. अक्षर तिचं आता फार सुंदर झालं आहे. "घाई नाही. नीट आठवा. सांगा, कोणती गोष्ट आठवली की छातीत काहीतरी होते?"

ती माझ्याकडे पाहत होती, उत्सुक, आपुलकीने, चांगल्या शिक्षिकेने पाहावं तशी. याच पाटाशी बसून त्या दोन दुपारी ती बोटावरच्या फुंकरीबद्दल सांगत होती, सांगता सांगता रडत होती, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

"काही आठवत नाही," मी म्हणालो.

तिने तो रकाना कोरा सोडला. मग दुसऱ्या रकान्याकडे वळली. तिथेही मी तेच सांगितलं.